आयर्विन पुलाचं ब्रॉन्झ मेडल कसं करायचं

२०२९ला सांगलीच्या आयर्विन पुलाला १०० वर्षं होतील, त्यावर आर्ट मेडल, म्हणजे हातात धरून दोन्ही बाजूंनी बघायचं छोटं शिल्प, करायचं डोक्यात असेल तर आत्ताच लागा कामाला. फिडेम म्हणून १९३७ पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती आर्ट मेडलची प्रदर्शनं भरवते, पण एंट्री त्या त्या देशाच्या प्रतिनिधीमार्फत जाते, त्यामुळे साइजची अट त्यांच्याकडं आधी विचारा.

शाळेतल्या बक्षिसाचं पदक डोळ्यासमोर आणू नका. मेडलला दोन बाजू असतात आणि खरी मजा मागच्या बाजूत असते. पुढं कमानी घेतल्या तर मागं पुन्हा पूल कशाला, कृष्णेच्या पुराचं पाणी किती फूट चढलं ते दाखवणाऱ्या खुणा घ्या ना, सांगलीकराला लगेच कळतंय.

प्रत्येक बाजूसाठी पीओपीची सपाट चकती ओता, हाच साचा, आणि त्यात उलटं कोरा, म्हणजे खड्डा तिथं उठाव येणार, अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी. मधेमधे प्लॅस्टिसिन (न वाळणारी मऊ माती) दाबून उचलायचं, सुलटं काय दिसतंय ते तिथंच कळतं. कडा आत वळू देऊ नका, साच्यातनं निघणार नाही. ब्रॉन्झ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, तेवढं मोठं करा.

मग दोन्ही साच्यांत मेण भरून त्या मेणाच्या दोन्ही बाजू जोडा आणि त्यावरनं ब्रॉन्झचं ओतकाम सरळ ओताऱ्याकडं द्या, हजार डिग्रीच्या पुढचा धातू घरी खेळायची गोष्ट नव्हे. घासून झालं की लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनानं काळं करा, उंचवटे पुसा. लॅकर मारू नका, माझ्या मते मेणाचं पॉलिशच भारी दिसतं.