दार लागायच्या आधी ड्रम थांबवा

सिनेमातल्या एखाद्या प्रसंगासाठी शब्दांविना, जरा वेडावाकडा रॉक ट्रॅक करायचा असेल तर पहिल्या दिवशी गिटारला हात लावू नका. प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग आवाजासकट. संवाद कुठे, पावलं कुठे, दार कधी लागतं, सगळं कागदावर टिपा. माझ्या मागच्या प्रसंगात दार १ मिनिट ५२ सेकंदांवर लागायचं, म्हणजे ११२ सेकंद. ७५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ७५ बीट, धरलं की एक बीट ०.८ सेकंदांचा. एकूण १४० बीट, म्हणजे चार-चार बीटचे ३५ बार (आवर्तनं), आणि दार बरोबर समेवर! हिशेब जुळला की हात शिवशिवतात, पण दारावर झांज हाणू नका, विनोदी दिसतं. मी ड्रम एक बार आधीच थांबवले.

आता सूर. जाडी सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवा. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर ठेवून तार छेडा आणि मग करंगळीनं नॉब हळूहळू उघडा. पिकचा टक्क गायब होतो, गिटार आहे की गज फिरवलेला चेलो, कळत नाही. त्यापुढे डिले, म्हणजे सूर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारा इफेक्ट. फीडबॅक, म्हणजे अँपच्या (अँप्लिफायरच्या) आवाजानं तार पुन्हा थरथरून लांबत जाणारा सूर, हवा असेल तर अँपसमोर उभं राहून इंचाइंचानं सरका. जागा बदलली की वेगळा सूर धरतो. हवा तो सापडला की तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. नाहीतर चहा पिऊन आलात की ती जागा गेलीच म्हणून समजा.

टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) लांब घ्या, समोर चित्र चालू ठेवून. जिम जारमुशच्या १९९५च्या 'डेड मॅन'साठी नील यंगनं असंच चित्र बघत उत्स्फूर्त वाजवलं होतं. झकास रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) सुचलाच तर बँडसाठी राखून ठेवा, इथे तो संवाद गिळतो. संवादाखाली गिटारचा १ ते ४ किलोहर्ट्झ या पट्ट्यातला आवाज इक्वलायझरनं थोडा कमी करा.

रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवरच (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) उघडा. मी एकदा ४४.१ वर केला, सिनेमाच्या प्रोजेक्टमध्ये फाइल ४८ची समजून वाजली. १६० सेकंदांचा ट्रॅक १४७ सेकंदांत आटोपला, सूरही जवळपास दीड सेमीटोन (अर्धस्वर) चढला. दिग्दर्शकाला तेच आवडलं, ती गोष्ट वेगळी.

ड्रम, बेस, गिटार आणि ड्रोन (तंबोऱ्यासारखा सलग धरलेला सूर) यांचे स्टेम, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतंत्र फाइल, वेगवेगळे द्या, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे. त्या दाराच्या प्रसंगातून संकलकानं नंतर ११ सेकंद उडवले. एकाच सुरावरचा ड्रोन कुठेही कापता आला, म्हणून पुन्हा अँप लावावा लागला नाही.