इनपुटचा कपॅसिटर काढण्याआधी मीटर लावा

पॉवर अँपच्या इनपुटचा कपलिंग कपॅसिटर काढून तिथे वायर टाकली की आवाज मोकळा होतो म्हणतात. होतही असेल, पण तो कपॅसिटर बिचारा डीसी (एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज) अडवायला बसलेला असतो. आधी गाणं बंद ठेवून प्रीअँपच्या (पॉवर अँपच्या आधीच्या टप्प्याच्या) आउटपुटवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. 50 निघाले आणि अँपचा गेन 20 पट असला, तर स्पीकरवर थेट 1 व्होल्ट डीसी. कॉइल उगाच तापते. फीडबॅकमध्ये (आउटपुटचा थोडा भाग परत आत देणाऱ्या जोडणीत) ग्राउंडकडे कपॅसिटर असेल तर हा डीसी वाढत नाही, तेवढा दिलासा. सिंगल सप्लायच्या (प्लस-मायनस नव्हे, एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या) अँपला मात्र हात लावूच नका, बायसच, म्हणजे आतला ठरवून दिलेला डीसीच बिघडेल.

प्लग काढून, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करूनच सोल्डरिंग करा. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45ला टेकतो. थंडीत जुळवलेला ऑफसेट (आउटपुटवर उरणारा डीसी) तेव्हा हललेला असू शकतो.

मी तर ती जागा वायरने भरत नाही. जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उपटून 2.2 मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिक फिल्मचा) घालतो. धूड मोठं, पीसीबीवर आडवं झोपवावं लागतं, पण 22 किलोओहम इनपुटला कटऑफ (ज्याच्या खाली आवाज कमी होत जातो ती फ्रिक्वेन्सी) साधारण 3.3 हर्ट्झवर येतो. ढोलकीचा धुम्म जसाच्या तसा.