'माहितीये' म्हणायच्या आधी एवढं करून बघा

आमच्या ऐरोलीच्या घरात किचनमधलं घड्याळ आदल्या रात्री ८:१० ला बंद पडलेलं, कोणाच्या लक्षातच नाही. सकाळी आईने त्यात बघितलं आणि ओरडली, "अरे आठ दहा झाले, निघ!" मोबाइल बघतो तर खरंच ८:१०. म्हणजे बोलली ते खरं, तिची खात्री पक्की, कारणही होतं, घड्याळ बघूनच बोलली ना, तरी तिला वेळ 'माहीत होती' असं काही म्हणवत नाही. एडमंड गेटिअर नावाच्या तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये जेमतेम तीन पानांच्या लेखात हीच पंचाईत करून ठेवली आणि अजून मोठमोठे लोक डोकं खाजवतायत, त्यामुळे आपल्याला नाही सुटलं तर टेन्शन घेऊ नका.

मग करायचं काय? आधी क्रियापद पकडा. 'पोहायला येतं', 'त्याला ओळखतो', 'पत्ता माहितीये' ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. कॉपी करणाऱ्याला उत्तर माहीत असतं, गणित येत नसतं. अर्धे वाद इथेच मिटतात.

मग विचारा, कळलं कुठून? न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चार वाटा सांगितल्यात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द. टाकीत डोकावलात तर प्रत्यक्ष, नळ फुसफुसतोय यावरून ताडलंत तर अनुमान, आणि सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या पाणी नाही" आलं तर शब्द. पण शब्द धरायचा तर सांगणारा आप्त हवा, म्हणजे विषय कळणारा आणि खरं बोलणारा (नातेवाईक नव्हे, नाहीतर सगळे काका पुढे सरसावतील).

आता माझा आवडता भाग, लोकलमध्ये करण्यासारखा. ० पासून कुठलाही आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच आकडा मिळवा, वर ४१ टाका. १ घेतला तर ४३, २ ला ४७, ३ ला ५३, सगळ्या मूळ संख्या. घणसोली येईस्तोवर वाटायला लागतं की आपल्याला नियमच सापडला, आणि ३९ पर्यंत खरंच कुठे अडत नाही. ४० घ्या. १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. बोंबला!

म्हणून तर गणितवाले इतके चिकट. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा अंदाज १७४२ पासून पडून आहे, कम्प्युटरने ४ वर १८ शून्यं एवढ्या आकड्यापर्यंत तपासलाय, एकही अपवाद मिळाला नाही, तरी त्यांच्या तोंडून 'माहितीये' निघत नाही, कारण सिद्धता नाही.