पोस्टफिक्सवर स्पॅम दारातच कसा अडवावा

स्वतःच्या डोमेनसाठी डेबियन किंवा उबंटू या लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालवणाऱ्या व्यक्तींसाठी आणि छोट्या संस्थांसाठी ही मांडणी आहे. स्पॅम नाकारायचा असेल तर तो एसएमटीपीचे, म्हणजे दोन मेल सर्व्हरांमधले मेल देण्याघेण्याचे, संभाषण चालू असतानाच नाकारावा, हे सूत्र आधी पक्के करावे लागते. मेल एकदा स्वीकारला की त्याची जबाबदारी आपल्या सर्व्हरवर येते. असा मेल नंतर परत पाठवला तर तो खोट्या ‘प्रेषक’ पत्त्यावर, म्हणजे ज्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही अशा माणसाकडे जातो. उलट दारातच ‘५५०’ किंवा ‘५५४’ असे कायमच्या नकाराचे उत्तर दिले आणि पाठवणारा खरा असला, तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो की मेल पोहोचला नाही. मेल स्वीकारून गुपचूप पुसून टाकणे मात्र कधीही करू नये, कारण मग कोणालाच काही कळत नाही.

पुढे सेटिंगची नावे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि अंडरस्कोरसह लिहायची आहेत. बदलाला हात घालण्यापूर्वी ‘मेन डॉट सीएफ’ आणि ‘मास्टर डॉट सीएफ’ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या दोन्ही फाइलींची प्रत काढून ठेवावी. प्रयोगाच्या दिवसांत ‘सॉफ्ट_बाउन्स’ हे ‘येस’ ठेवले की पोस्टफिक्स कायमचा नकार न देता तात्पुरता, म्हणजे ‘४’ने सुरू होणारा नकार देतो. मग आपल्याकडून चूक झाली तरी खरा मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत टिकून राहतो. समोरही पोस्टफिक्स असेल तर तो मूळ सेटिंगनुसार पाच दिवस प्रयत्न करत राहतो. तसेच कोणत्याही नव्या नियमाच्या आधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ लिहिले तर तो नियम मेल न अडवता फक्त लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नोंद करतो. नवा नियम किमान आठवडाभर असा चालवून पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम आपल्याच घरातले आहे. ‘मायनेटवर्क्स’मध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय मेल पाठवू देण्याच्या पत्त्यांच्या यादीत, फक्त सर्व्हरचा स्वतःचा पत्ता ठेवावा. एका कार्यालयात सोयीसाठी सगळे अंतर्गत नेटवर्क या यादीत घातलेले मी पाहिले आहे. तिथल्या एका संगणकाला व्हायरस लागला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण संस्थेचा आयपी पत्ता काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत, गेला. वापरकर्त्यांनी ५८७ पोर्टवरून, पासवर्ड देऊनच मेल पाठवावा. २५ पोर्ट हे इतर सर्व्हरांसाठी आहे. आपल्या सर्व्हरमधून बाहेर मेल कोणाला पाठवू द्यायचा हे ठरवणाऱ्या आणि पोस्टफिक्स २.१० पासून उपलब्ध असलेल्या ‘एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स’मध्ये ‘परमिट_मायनेटवर्क्स’, ‘परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड’ आणि शेवटी ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’ एवढे तीनच शब्द पुरेसे आहेत.

आता दारावरचा पहारेकरी, म्हणजे पोस्टस्क्रीन. ‘मास्टर डॉट सीएफ’मध्ये २५ पोर्टची ‘एसएमटीपीडी’ची (पोस्टफिक्सच्या मेल घेणाऱ्या भागाची) ओळ बंद करून तिच्याखालच्या पोस्टस्क्रीन, ‘एसएमटीपीडी पास’, डीएनएसब्लॉग आणि टीएलएसप्रॉक्सी या ओळींपुढचे # हे चिन्ह काढले की तो सुरू होतो. त्याची सर्वांत परिणामकारक चाचणी अगदी साधी आहे. कोणी जोडणी केली की सर्व्हर ‘२२०’ आणि लगेच एक आडवी रेघ असलेली अर्धवट ओळ पाठवतो. त्या रेघेचा अर्थ ‘स्वागत अजून संपलेले नाही’ असा असतो. त्यानंतर तो नेहमीच्या स्थितीत सहा सेकंद गप्प राहतो. खरा मेल सर्व्हर शिस्तीने थांबतो. हजारो ठिकाणी घाईघाईने मेल टाकणारा स्पॅमचा प्रोग्राम मात्र थांबत नाही, मध्येच बोलू लागतो आणि तिथेच पकडला जातो. यासाठी ‘पोस्टस्क्रीन_ग्रीट_अॅक्शन’ची किंमत ‘एन्फोर्स’ करावी, कारण मूळ सेटिंग दुर्लक्ष करण्याचे असते. स्वागतानंतरच्या अधिक खोल चाचण्या बंदच ठेवाव्यात. त्या उत्तीर्ण होणाऱ्या प्रामाणिक सर्व्हरलाही पुन्हा जोडणी करायला लावतात, आणि मोठ्या सेवा पुढच्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येत असल्यामुळे मेल विनाकारण रखडतो.

काळ्या याद्यांबाबत मात्र फार जपून पावले टाकावीत. स्पॅमहाउसची ‘झेन’ यादी विश्वासार्ह आहे, पण मोफत वापर मर्यादित आहे, त्यामुळे तिच्या अटी वाचून घ्याव्यात. यादीला विचारणा डीएनएसमधून, म्हणजे नावांवरून आयपी पत्ते सांगणाऱ्या सेवेतून, होते. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारणा केली तर ती यादी खरे उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा सूचनेचा संकेत परत पाठवते. ‘कोणतेही उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे’ असे सर्व्हरने मानले, तर जगातला प्रत्येक मेल स्पॅम ठरतो. म्हणून सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएसचा प्रोग्राम बसवून डीएनएससाठी १२७.०.०.१ वापरावे, आणि ‘पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_साइट्स’मध्ये यादीच्या नावापुढे १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरे ग्राह्य धरावीत. पत्ता उलट्या क्रमाने लिहून विचारायचा असतो, म्हणून यादीचे नाव जोडून २.०.०.१२७ विचारल्यावर उत्तर यायला हवे आणि १.०.०.१२७ विचारल्यावर काहीही येता कामा नये. दोन्ही तपासल्याशिवाय ‘पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_अॅक्शन’ला ‘एन्फोर्स’ करू नये. जुन्या मार्गदर्शिकांमधून याद्यांची नावे डोळे झाकून उतरवू नयेत. त्यांत हमखास आढळणारी सॉर्ब्स ही यादी जून २०२४ मध्ये बंद झाली आहे.

यापुढे ‘एसएमटीपीडी_हेलो_रिक्वायर्ड’, ‘रिजेक्ट_नॉन_एफक्यूडीएन_हेलो_होस्टनेम’ आणि ‘रिजेक्ट_अननोन_सेंडर_डोमेन’ हे, म्हणजे जोडणाऱ्याने स्वतःचे पूर्ण नाव सांगावे आणि प्रेषकाचे डोमेन खरोखर असावे असे, नियम लावावेत, मात्र आपल्या पासवर्डधारी वापरकर्त्यांना परवानगी देणारे शब्द त्यांच्या आधी यायला हवेत. ‘रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम’ मी वापरत नाही. कितीतरी छोट्या शाळा, पतसंस्था आणि कार्यालये यांच्या आयपीची उलटी डीएनएस नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, चुकीची असते, आणि त्या चुकीची शिक्षा त्यांच्या मेलला देणे मला योग्य वाटत नाही.

मजकुराची तपासणी आरस्पॅमडी या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवावी. रेडिस या डेटाबेससह तो बसवून ‘एसएमटीपीडी_मिल्टर्स’मध्ये स्थानिक ११३३२ पोर्ट द्यावे. तो प्रत्येक मेलला गुण देतो. मूळ सेटिंगनुसार ४ गुणांना मेल थोडा वेळ थोपवला जातो, ६ गुणांना स्पॅमचा शिक्का बसतो आणि १५ गुणांना नकार मिळतो. हे आकडे सुरुवातीला बदलू नयेत. सरसकट प्रत्येक अनोळखी मेल थोपवण्याची पद्धत २००३ पासून प्रचलित आहे, पण आज तिच्यामुळे बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर हातात पडतो. आरस्पॅमडी मुळात संशयास्पद मेलच थोपवतो, म्हणून तो बरा. एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी नोंद, चुकली एवढ्यावरून मेल नाकारू नये. मेल पुढे पाठवला गेला की एसपीएफ मोडतो, डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची मेलमधली डिजिटल, सही मात्र बहुधा टिकते. तेव्हा दोन्हींचा विचार गुणांतच होऊ द्यावा. आपल्या डोमेनसाठीही या दोन्ही नोंदी आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करावे हे इतरांना सांगणारी नोंद) करून घ्यावे, म्हणजे आपल्या नावाने दुसऱ्याला स्पॅम पाठवणे अवघड होईल.

मराठी वापरकर्त्यांच्या सर्व्हरवर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आरस्पॅमडीची बेझ पद्धत शब्दांवरून शिकते, आणि मूळ सेटिंगनुसार स्पॅम व चांगले असे प्रत्येकी २०० मेल शिकवल्याशिवाय ती मत देत नाही. शिकवलेले सगळे मेल इंग्रजी असतील, तर ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ किंवा दिवाळी अंकाच्या वर्गणीची आठवण यांतल्या शब्दांविषयी तिला काहीच ठाऊक नसते. म्हणून चांगल्या मेलच्या संचात सोसायटीच्या नोटिसा, पीडीएफ जोडलेल्या लग्नपत्रिका, शाळेची पत्रे, मराठी-इंग्रजी सरमिसळीतला घरगुती पत्रव्यवहार असे सर्व प्रकार आवर्जून घालावेत. मराठीतला स्पॅमही, म्हणजे बनावट कर्जाच्या आणि नोकरीच्या जाहिराती, जपून ठेवून शिकवावा. वापरकर्त्याने मेल जंक फोल्डरमध्ये टाकला किंवा तिथून बाहेर काढला की आपोआप शिकवणी व्हावी, अशी सोय डोव्हकॉट या मेलपेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सीव्ह सुविधेतून करता येते.

दर आठवड्याला लॉगमधील ‘नोक्यू: रिजेक्ट’ या शब्दांच्या ओळी वाचाव्यात. पोस्टफिक्स सहसा ‘आरसीपीटी’ची, म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता सांगण्याची, पायरी येईपर्यंत नकार राखून ठेवतो, त्यामुळे एकाच ओळीत जोडणारा आयपी, नकाराचे कारण, पाठवणारा आणि घेणारा असे सर्व दिसते. ओळखीचे डोमेन पोस्टस्क्रीनने अडवलेले दिसले तर त्या आयपीला ‘पोस्टस्क्रीन_अॅक्सेस’च्या फाइलीत परवानगी द्यावी. सगळे ठीक चालल्याची खात्री झाली की ‘सॉफ्ट_बाउन्स’ आठवणीने बंद करावे. ते चालू राहिले तर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांसाठीही समोरचे सर्व्हर दिवसेंदिवस दार ठोठावत राहतात.

शेवटी ‘एसएमटीपीडी_रिजेक्ट_फुटर’मध्ये आपला संपर्क लिहावा, प्रत्येक नकारासोबत तो पाठवणाऱ्यापर्यंत जातो. तिथे ई-मेल पत्त्याऐवजी दूरध्वनी क्रमांक द्यावा, कारण ज्याचा मेल आपण नुकताच अडवला आहे, त्याचा दुसरा मेलही त्याच दारात अडणार आहे.