कुत्रा पाय चाटून चाटून जखम करतो तेव्हा

लॅब्रेडॉर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या कुत्र्यांमध्ये ही जखम बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या मनगटावर किंवा त्याच्या जरा खाली दिसते. केस गेलेला, जाड, कडक, लंबगोल चट्टा. मधोमध लाल आणि ओलसर, कडेला काळपट. मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

याचं कारण वरच्या कातडीत नसतं. खरखरीत जिभेने केस मोडतात, केसांची मुळं फुटतात आणि तुकडे कातडीच्या आत रुततात. शरीर त्यांना कुसळासारखं परकं समजतं, तिथे सूज येते. त्यातच जिवाणू, बहुधा स्टॅफिलोकॉकस, खोलवर घर करतात. मग खाज, खाजेमुळे चाटणं, चाटण्याने आणखी केस आत. मूळ कारण संपलं तरी हे चक्र आपोआप चालू राहतं.

म्हणून आधी चाटणं कशामुळे सुरू झालं ते शोधा. कुत्रा पंजे, कान, पोटही खाजवत असेल तर ॲलर्जी किंवा पिसवांचा संशय घ्या. वय झालंय, उठताना कुरकुरतो, आणि जखम नेमकी सांध्यावर आहे? मग एक्स-रे काढा. संधिवात, जुनं फ्रॅक्चर, हाडातली प्लेट किंवा गाठ निघू शकते. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा राहून कंटाळलेला कुत्राही चाटतो, पण ‘मानसिक आहे’ हा निष्कर्ष बाकी सगळं तपासल्यावरच काढावा. तो फार लवकर काढला जातो.

डॉक्टरांकडे गेल्यावर कातडी खरवडून किडे आणि बुरशी तपासून घ्या. कल्चर (जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी) मात्र वरून कापसाने पुसून नको, खोल तुकडा काढून करायला सांगा. वरचे आणि आतले जिवाणू अनेकदा वेगळे निघतात. त्यानुसार दिलेलं अँटिबायोटिक साधारण ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं. चट्टा वरून बरा दिसला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या थांबवणं ही नेहमीची चूक. हाताला आत गाठी लागायच्या बंद झाल्यावरही साधारण २ आठवडे डोस चालू ठेवतात.

चाटणं पहिल्या दिवसापासून बंद हवं. मानेभोवती घालायचा प्लास्टिकचा कोन नाकाच्या टोकापुढे ३ ते ५ सेंमी यायला हवा आणि मानेपाशी दोन बोटं सहज शिरायला हवीत. हवा भरायची गोल कॉलर इथे कुचकामी. लांब तोंडाच्या कुत्र्याची जीभ मनगटापर्यंत आरामात पोचते. बँडेज बांधलं तर रोज त्या पायाची बोटं बघा. सुजली किंवा गार लागली तर लगेच सोडा.

घरातली हळद, खोबरेल, माणसांचं स्टिरॉइड मलम यांपैकी काही लावू नका. जे लावाल ते पोटात जाणार, आणि स्टिरॉइडने आतला संसर्ग वाढतो. माणसांची वेदनाशामकं, डायक्लोफिनॅक जेलसुद्धा, कुत्र्याला घातक आहेत.

खाण्याच्या ॲलर्जीचा संशय असेल तर आहार बदलून किमान ८ आठवडे त्याशिवाय दुसरा घासही द्यायचा नाही. बिस्किटाचा तुकडा दिला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

चिंतेवर फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि फिरणं, वास शोधायचे खेळ, चघळायची खेळणी यांची जोड नसेल तर फारसा उपयोग नाही. गोचिडांसाठी अमित्राझ वापरत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरू शकतं.

शस्त्रक्रियेची घाई करू नका. पायाच्या त्या भागात सैल कातडी जेमतेम असते, टाके ताणले जातात, आणि कुत्रा त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा चाटायला लागतो.