एसयूव्हीचं बेस मॉडेल घ्यायचं की नाही, शोरूमला जायच्या आधी घरी बसून असं ठरवा

होर्डिंगवरची किंमत बघून शोरूममध्ये शिरायचं आणि दोन तासांनी त्याहून तीन लाख जास्तीचं कोटेशन हातात घेऊन बाहेर पडायचं, मुंबईत गाडी घेणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. होर्डिंगवर जी 'पासून सुरू' म्हणून लिहिलेली असते ती बेसची, म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉडेलची किंमत, तीही एक्स शोरूम, म्हणजे आरटीओ टॅक्स आणि इन्शुरन्स न धरता. आत गेलं की सेल्सवाला बेसबद्दल असं बोलतो जणू ती गाडी नसून हातगाडीच आहे, "सर त्यात काहीच येत नाही हो". आणि घरात एक काका असतातच जे म्हणतात बेस घे रे, बाकी सगळं बाहेरून लावून घे, अर्ध्या पैशात टॉप मॉडेल होतं.

मी २०१६ ला काकांचं ऐकलं. म्युझिक, कॅमेरा, सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प सगळं बाहेरून लावलं, पहिलं वर्ष मजेत गेलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात फॉग लॅम्प लावला की हॉर्न बंद व्हायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्याने डॅशबोर्डखाली टॉर्च मारून कापलेल्या वायरी आणि त्यावर गुंडाळलेली काळी टेप दाखवली आणि म्हणाला, इलेक्ट्रिकलची वॉरंटी विसरा. यावेळी म्हणून आधी घरी बसून कागदावर हिशोब केला, तो असा.

पायरी १: ब्रोशरच्या शेवटच्या पानापासून सुरुवात करा

पुढची रंगीत पानं सोडून द्या, त्यात सगळीकडे टॉप मॉडेलच असतं. शेवटी व्हेरियंटचा तक्ता असतो, तो वाचायचा. बेसचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, टाटा नेक्सॉनला स्मार्ट, महिंद्राच्या ३एक्सओला एमएक्स१, मारुती ब्रेझाला एलएक्सआय, क्रेटाला नुसतं ई, किया सेल्टोसला एचटीई. नावं मधेमधे बदलतात त्यामुळे ब्रोशर कंपनीच्या साइटवरून ताजंच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेलं नको.

आता बेस आणि त्याच्या लगेच वरचं मॉडेल, फक्त हे दोनच कॉलम बघा. टॉपकडे बघायचंच नाही, नाहीतर डोकं फिरतं. बेसमध्ये जे जे नाही ते एका कागदावर उतरवा आणि दोन रकाने करा, एक 'नंतर लागतं' आणि दुसरा 'नंतर लागत नाही'. सगळा निर्णय या दुसऱ्या रकान्यावर आहे.

पायरी २: 'नंतर लागत नाही' हा रकाना नीट भरा

यात पहिली येते सेफ्टी. एअरबॅग, ईएससी, लहान मुलांची सीट मागे पक्की अडकवायचं आयसोफिक्स, हे कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाही. आधी कायद्याने काय येतं ते माहीत असू द्या म्हणजे सेल्सवाला तेच गिफ्ट म्हणून विकणार नाही. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्ट रिमाइंडर, स्पीड वाढला की वाजणारा अलार्म आणि मागचे पार्किंग सेन्सर प्रत्येक नव्या गाडीत असावेच लागतात, आणि १ जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. म्हणजे "सर सेन्सर पण येतात" यात त्याचा काही मोठेपणा नाही. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचं सरकारने ठरवलं होतं, ऑक्टोबर २०२३ ची तारीखही दिली होती, पण ती सक्ती झाली नाही. तरी नेक्सॉन, क्रेटा अशा काही गाड्यांमध्ये अगदी बेसलाही सहा मिळतात. मिळत असतील तर बेसच्या बाजूने हा फार मोठा मुद्दा आहे, आणि तुम्ही बघताय त्या बेसमध्ये दोनच असतील आणि वरच्यात सहा, तर माझ्यामते पुढचा हिशोब करायचीच गरज नाही, वरचं घ्या.

ईएससी म्हणजे ओल्या वळणावर गाडी सरकायला लागली की ती आपणहून एकेका चाकाला वेगळा ब्रेक मारून गाडी सरळ ठेवते. गणपतीत रात्रीचं गावाला निघालेलं असताना परशुराम घाटात समोरून एसटी आली आणि रस्त्यावर चिखल वाहत असेल तर तिची किंमत कळते. क्रॅश टेस्टचं बोलाल तर ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालंय, पाच स्टार बघून खूश होण्याआधी ते रेटिंग कुठल्या व्हेरियंटना लागू आहे तेवढं वाचा.

दुसरी गोष्ट, ज्याकडे मीही आधी लक्ष दिलं नव्हतं, ती ड्रायव्हर सीटची उंची. बायको पाच फुटाला जेमतेम, बेसमध्ये सीट वरखाली होत नव्हती, बसली आणि म्हणाली मला बॉनेटच दिसत नाही, मी उशी घेऊन चालवू का? ब्रोशरमध्ये ही एक ओळ असते फक्त. घरात जे जे चालवणार त्या सगळ्यांना बसवून बघा.

तिसरी, मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर. दिल्लीवाल्याला हे फालतू वाटेल पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर एसयूव्हीची मागची उभी काच चाकाने उडवलेल्या चिखलाने पाच मिनिटात माखते, आणि आत चार माणसं बसली की वाफेने पांढरी होते ते वेगळंच. डिफॉगरच्या रेषा काचेतच भाजलेल्या असतात, वायपरला काचेत भोक, मोटर, पाण्याची नळी लागते, त्यामुळे बाहेरून करून देतो म्हणणारे भेटतील पण नादी लागू नका.

सनरूफही याच रकान्यात. छत कापून सनरूफ बसवणारे आहेत शहरात, मुंबईच्या पावसात तसली गाडी म्हणजे गळकी चाळ.

पायरी ३: गिअरबॉक्स

हे पटकन होतं. बेसमध्ये बहुतेक वेळा फक्त मॅन्युअल मिळतं. तुमचं रोजचं जाणं-येणं जेव्हीएलआरने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने असेल, तासभर क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक, आणि डावा गुडघा आत्ताच कुरकुरत असेल, तर ऑटोमॅटिक जिथून सुरू होतं तेच तुमचं बेस. गाडी शनिवार-रविवारचीच असेल आणि ऑफिसला लोकल, तर मॅन्युअलने काही बिघडत नाही.

पायरी ४: 'नंतर लागतं' मधलं खरंच काय लावायचं

म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, मॅट, मागचा पार्सल ट्रे, व्हील कव्हर, हे सगळं आरामात लागतं. ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक चक्कर मारली की भाव कळतो, आणि तिथे भाव करावाच लागतो, पहिला आकडा कोणी शेवटचा म्हणून सांगत नाही. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, वायर कापणार का? कपलरवर, म्हणजे कंपनीच्या सॉकेटला जुळणाऱ्या प्लगवर काम होत असेल तरच हो म्हणा. काही बेस मॉडेलमध्ये स्पीकरपर्यंत वायरच ओढलेली नसते, मग दरवाज्याचं पॅड खोलून नवीन ओढावी लागते, ते आधी विचारा. आणि जे काही महागाचं लावाल ते इन्शुरन्सवाल्याला कळवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर चोरी किंवा ॲक्सिडेंट झाला की त्याचे पैसे मिळणार नाहीत.

आरशांचं मात्र मुंबईत वेगळं आहे. बटणावर मिटणारे आरसे चैन वाटते, पण ज्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात आणि मधून रिक्षा, टेम्पो, झोमॅटोवाले सुसाट जातात त्यांना विचारा. बेसमध्ये आरसा हाताने मिटावा लागतो, डावीकडचा मिटायला सीटवरून आडवं व्हा नाहीतर उतरून फिरून जा. तुमच्या गल्लीचं तुम्हीच बघा, माझ्या गल्लीत वर्षात दोन आरसे गेलेत.

अलॉय व्हील नाहीत म्हणून रडू नका. आपल्या खड्ड्यात स्टीलचं रिम वाकतं, टायरवाला ठोकून सरळ करून देतो. अलॉय जोरात बसलं तर तडकतं आणि नवीनच घ्यावं लागतं. बेसचं स्टील रिम हे मला तरी कमी वाटत नाही, उलट बरंच आहे.

पायरी ५: फरक ऑन रोड काढा, एक्स शोरूम नको

इथेच जास्त गंडायला होतं. समजा पेट्रोल गाडी आहे, बेस ९,९०,००० आणि वरचं १०,६०,००० एक्स शोरूम. फरक दिसतो ७० हजार. पण महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला १० लाखापर्यंत ११ टक्के आरटीओ टॅक्स आहे आणि १० ते २० लाखाला १२ टक्के, आणि तो अख्ख्या किमतीवर लागतो, वरच्या साठ हजारावर नाही. म्हणजे बेसला १,०८,९०० आणि वरच्याला १,२७,२००, इथेच १८,३०० वाढले. डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के. शिवाय १० लाखाच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलर आपल्याकडून आधीच घेतो तो इन्कम टॅक्स, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण आज खिशातूनच जातो. इन्शुरन्समध्ये तीन वर्षांचं थर्ड पार्टी घ्यावंच लागतं, त्याचा रेट इंजिनच्या सीसीवर असतो त्यामुळे इंजिन एकच असेल तर दोन्हीला सारखाच, फरक फक्त ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात पडतो. परत मिळणारा टीसीएस सोडला तर सगळं धरून ७० हजाराचे साधारण ९० हजार होतात. ५ वर्षांच्या लोनवर ९ टक्क्याने लाखाला महिना साधारण २,०७६ हप्ता बसतो, म्हणजे या फरकाचे महिन्याला १,८७० च्या आसपास.

आता पायरी ४ मध्ये जे लावायचं ठरवलंत त्याची बेरीज करा आणि या ९० हजाराशेजारी ठेवा. बेरीज ३०-३५ हजारात संपत असेल आणि दुसरा रकाना जवळपास रिकामा असेल तर बेस बिनधास्त घ्या, कोण काय म्हणतं ऐकू नका. बेरीज ६०-७० च्या पुढे गेली तर काकांची ट्रिक संपली, कारण वरच्या मॉडेलमध्ये तेच सगळं कंपनीच्या वॉरंटीत आणि लोनमध्ये येतं. माझी बेरीज ६८ हजार आली होती, त्यात सीटची उंची आणि मागचा वायपर पैसे देऊनही मिळत नव्हता. बेसच्या एक पायरी वरचं घेतलं.

पायरी ६: छोट्याचं टॉप की मोठ्याचं बेस

सेम बजेटमध्ये हा प्रश्न येतोच, आणि बायको-नवऱ्याची खरी भांडणं इथे होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्के जीएसटीत येते, त्याच्या वरच्या ४० टक्क्यात. लांबी आणि इंजिन दोन्ही अटी लागतात बरं का, ब्रेझा ४ मीटरच्या आत आहे पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० मध्ये. मोठ्याचं बेस घेताना तुम्ही टॅक्सचे जास्त पैसे भरताय आणि फीचर कमी घेताय, बदल्यात मिळते मागची सीट आणि डिकी. घरात आईवडील असतील, मागे रोज तिघं बसणार असतील तर ते पटतं, मागच्या सीटची रुंदी काही नंतर वाढवता येत नाही.

पण आधी पार्किंग मोजा. टेप घेऊन खाली जा, हसू नका. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या चढवणारं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात उंची आणि वजनाची मर्यादा विचारा, बऱ्याच जुन्या सिस्टीम सेडानच्या हिशोबाने बसवलेल्या आहेत. नेक्सॉन १६२० मिमी उंच, ब्रेझा १६८५, एवढ्या फरकाने गाडी आत जाते किंवा जात नाही. आणि खांबाशेजारची जागा असेल तर दरवाजा उघडून माणूस बाहेर पडतो का ते बघा.

पायरी ७: बुकिंग

टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेलच देतात, बेसची डेमो गाडी ठेवत नाहीत. चालवून इंजिन कळेल, पण बसून बघायला बेसच मागा, स्टॉकयार्डात एखादी डिलिव्हरीची उभी असते, सेल्सवाला कंटाळा करेल, तुम्ही चिकटून बसा. पॉवर विंडो मागे आहेत का, मागच्या हेडरेस्ट वर होतात का, चार्जिंगचं सॉकेट किती, रात्री आतला लाइट कुठे, हे तिथेच दिसतं. बेसचे रंगही मोजके असतात, पांढरा आणि ग्रे यावर मनाची तयारी ठेवा.

बेसवर डिस्काउंट कमी मिळतो म्हणून डीलर 'फ्री ॲक्सेसरीज' चा पुडा पुढे करतो. त्याऐवजी तेवढे पैसे बिलातून कमी करा म्हणायचं. इन्शुरन्सही त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती तो करू शकत नाही, बाहेरचं एक कोटेशन मोबाइलवर काढून त्याच्यासमोर ठेवलं की त्याचं आपोआप खाली येतं. दसरा-पाडव्याची डिलिव्हरी हवी असेल तर बेसला आधीच नंबर लावा, डीलर ती स्टॉकमध्ये फार ठेवत नाहीत आणि आयत्या वेळी "सर वरचं मॉडेल तयार आहे, आजच देतो" हे ऐकायला लागतं. बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग आणि ॲक्सेसरीजसमोर 'काही नाही' असं पेनाने लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. माझ्या पावतीवर मी न मागितलेले मडफ्लॅप आणि परफ्यूम धरून ११ हजार लावले होते.