एंजलफिशची अंडी ते पिल्लं, घरच्या घरी

एंजलच्या जोडीने अंडी घातली की लोकांची धावपळ सुरू होते, पिल्लांना खायला काय देऊ, फिल्टर कुठला लावू, पाणी कधी बदलू. माझं म्हणणं असं की ही सगळी तयारी अंड्यांच्या आधी झालेली पाहिजे. कारण अंडी मिळणं हे त्यातलं सोपं काम आहे, दोन मोठे निरोगी एंजल मनाने जुळले की ते फिल्टरच्या पाइपवरसुद्धा अंडी घालतात, तुम्ही काही केलं नाही तरी. खरी परीक्षा असते पिल्लं पोहायला लागल्यापासून पुढचे दोनतीन आठवडे, आणि तिथे दोनच गोष्टी लागतात, जिवंत बारीक खाणं आणि स्वच्छ पाणी. या दोन्ही गोष्टी एका दिवसात उभ्या राहत नाहीत.

म्हणून सुरुवात उलटीकडून करा. एक छोटा स्पंज फिल्टर (एअरपंपच्या हवेवर चालणारा) आत्ताच चालू टँकमध्ये एका कोपऱ्यात लावून ठेवा, महिनाभर तरी चालू दे, म्हणजे त्याच्यात बॅक्टेरिया बसतात आणि पुढे तो उचलून पिल्लांच्या टँकमध्ये टाकला की पहिल्या दिवसापासून घाणीतून होणारा विषारी अमोनिया सांभाळतो. नवा कोरा स्पंज पिल्लांच्या टँकमध्ये लावून काही होत नाही, तो नुसते बुडबुडे काढतो. दुसरं म्हणजे आर्टेमिया म्हणजे ब्राइन श्रिंप, खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी, पिल्लांचं जिवंत खाणं तेच. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, ती आणून एकदा मिठाच्या पाण्यात उबवून बघा, पद्धत पुढे दिली आहे. डबा जुना असेल किंवा दमट जागी ठेवलेला असेल तर फारशी फुटतच नाहीत, आणि हे पिल्लं उपाशी असताना कळून उपयोग नाही.

आता जोडी. दुकानात "ही पेअर आहे" म्हणून दोन मासे दिले तर त्यांनी अंडी घातलेली कुणी बघितली आहेत का ते विचारा, नाहीतर ती पेअर नाही, दोन मासे आहेत. एंजलमध्ये नर कुठला मादी कुठली हे नुसतं बघून सांगता येत नाही, मोठ्या नराच्या कपाळावर उंचवटा असतो म्हणतात पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका. खात्रीने कळतं ते अंडी घालायच्या एकदोन दिवस आधी पोटाखाली नळी बाहेर येते तेव्हा, मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक, टोकदार, थोडी पुढे झुकलेली. सगळ्यात बरा रस्ता म्हणजे सहा ते आठ लहान एंजल घ्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून म्हणजे सगळीच भावंडं निघणार नाहीत, एकत्र वाढवा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या. आठ-दहा महिन्यांचे, वर्षाचे होईपर्यंत एखादी जोडी जमतेच. दोघं मिळून टँकचा एक कोपरा धरतात, बाकीच्यांना हाकलतात, एकमेकांची तोंडं पकडून ओढाओढ करतात, आणि एखादं पान किंवा काच तोंडाने घासून घासून साफ करायला लागतात. हे दिसलं की जोडी हलवा, नाहीतर उरलेले मासे एका कोपऱ्यात चेपून बसतात आणि त्यांचे पंख फाटतात.

जोडीचा टँक साधारण 75-80 लिटरचा, उंची निदान 45 सेंटीमीटर, तळाला वाळू-खडी काही नाही, स्पंज फिल्टर आणि हीटर, बास. तापमान 27 ते 29 डिग्री, पीएच 6.5 ते 7.2 च्या आसपास. पीएचच्या आकड्यासाठी केमिकल ओतत बसू नका, सारखा वरखाली होणारा पीएच जास्त त्रास देतो. मात्र पाणी फार हार्ड म्हणजे क्षारांचं असेल तर अंडी नीट फळत नाहीत, तेव्हा थोडं आरओचं पाणी मिसळा. अंडी घालायला एक स्लेटचा (पाटीच्या दगडाचा) लांबट तुकडा किंवा पीव्हीसी पाइप तिरका टेकवून उभा करा, फिल्टरच्या बुडबुड्यांपासून थोडा लांब. अमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं रुंद पानही त्यांना आवडतं, पण पान उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि स्लेट नेता येते, म्हणून मी तरी स्लेटच म्हणेन. खाण्यात दिवसातून दोनतीनदा थोडं थोडं, चांगल्या पेलेटबरोबर फ्रोझन ब्लडवर्म, आर्टेमिया, मिळाल्या तर स्वच्छ पाण्यातल्या डासाच्या अळ्या. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) टाळा, घाण पाण्यातून येतात आणि बरोबर रोग घेऊन येतात. आणि दोनतीन दिवसाआड पाणी बदला. मोठा पाणीबदल झाला की दुसऱ्या दिवशी अंडी, असं बऱ्याचदा होतं.

अंडी घालताना जमलं तर बसून बघाच, पण लांबून. मादी खालून वर सरकत पोट स्लेटला जवळजवळ टेकवते आणि नळीतून एकाशेजारी एक अंडी चिकटवत जाते, एक ओळ झाली की बाजूला होते, लगेच मागून नर त्याच ओळीवरून तसाच सरकत जातो आणि अंडी फळवतो. मग परत मादी. तासदीड तास हे चालतं आणि शेवटी शंभरापासून चारपाचशेपर्यंत अंडी होतात, जोडी किती मोठी आहे त्याप्रमाणे. नंतर दोघं आळीपाळीने समोर उभे राहून छातीच्या पंखांनी अंड्यांवर पाणी मारत राहतात. ताजी अंडी सगळीच फिकट मधासारख्या रंगाची पारदर्शक असतात. एका दिवसात काही पांढरी होतील, ती फळलेली नाहीत, थोडी पांढरी असणारच. सगळीच्या सगळी पांढरी झाली तर नर अजून कोवळा आहे, किंवा पाणी हार्ड आहे, किंवा मग तुमच्याकडे दोन माद्या आहेत, हो, दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात आणि नर नसताना मनापासून राखणही करतात.

इथे ठरवायचं असतं, अंडी आईबापाकडे ठेवायची की काढायची. नवी जोडी पहिली दोनचार वेळची अंडी खातेच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आणि माशांवर रागवायचं तर काही कारणच नाही. त्यांना शिकायला वेळ द्यायचा असेल तर टँकच्या तीन बाजूंना कागद लावा, रात्रीही अगदी मंद उजेड ठेवा आणि दर पाच मिनिटांनी जाऊन बघू नका. नीट जमलं तर आईबाप पिल्लांना तोंडात घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागी थुंकतात, पडलेलं पिल्लू उचलून परत चिकटवतात, बघण्यासारखं असतं ते. पण पिल्लं जास्तीत जास्त हवी असतील तर अंडी काढलेली बरी. आणि कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे इतर माशांबरोबर, अंडी घातली असतील तर विचारच करू नका, प्लेको (काच चाटणारा सकर मासा) रात्री सगळं साफ करतो, त्याच्यातून वाचलं तर पोहायला लागलेली पिल्लं टेट्रासारखे छोटे मासे खातात.

काढायची पद्धत साधी आहे. दहा-पंधरा लिटरचा छोटा टँक किंवा मोठी बरणी घ्या, जोडीच्याच टँकमधलं पाणी भरा, स्लेट पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता आत नेऊन तिरकी उभी करा, अंडी खालच्या बाजूला येतील अशी. शेजारी एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) ठेवा, बुडबुडे अंड्यांच्या बाजूने वर गेले पाहिजेत, अंड्यांवर आदळायला नको. फंगससाठी मिथिलीन ब्लू टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, पाणी चांगलं निळं दिसलं पाहिजे. एक लक्षात ठेवा, मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले बॅक्टेरिया मरतात, म्हणून तो महिनाभर सांभाळलेला स्पंज आत्ता इथे लावायचा नाही. हीटर 28 वर. आता हात लावू नका.

28 डिग्रीला साधारण दोन ते अडीच दिवसात अंडी फुटतात. त्याआधी नीट बघितलं तर आत काळे ठिपके दिसायला लागतात. फुटल्यावर जे निघतं ते मासा वगैरे दिसत नाही, डोक्याला चिकट धागा असतो त्याने स्लेटला लटकलेली असतात आणि शेपटी सारखी वळवळत असते. काही खाली पडून पुंजके करतात, तेही चालतं. पोटाला पिवळी पिशवी असते, त्याच्यावर त्यांचं पोट भरतं, म्हणून या दिवसात खाणं अजिबात टाकायचं नाही, टाकलेलं सगळं सडणार. फक्त निळं पाणी थोडं थोडं काढून त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू भरत जा. अंडी फुटून चारपाच दिवस झाले, म्हणजे घातल्यापासून सात-आठ दिवस, की एके सकाळी पिल्लं सुटी होऊन ढगासारखी मध्ये पोहताना दिसतात. निळेपणा गेलेला असेल तर आता स्पंज फिल्टर लावा, हवा मंद ठेवा.

आर्टेमिया कधी लावायचा तर पोहायला लागायच्या आदल्या दिवशी, म्हणजे वेळेवर तयार होतो. उलटी केलेली बाटली, एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम साधं मीठ, अर्धा चमचा अंडी, तळापासून जोरात हवा, 26 ते 28 डिग्री आणि वर दिवा. एका दिवसात नारिंगी रंग दिसायला लागतो. मग हवा बंद करून, दिवा खाली तळाशी लावून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया खाली उजेडाकडे गोळा होतो. तो बारीक नळीने काढून कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, ड्रॉपरने द्या. टरफलं आणि न फुटलेली अंडी जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. रोज एक बाटली लावावी लागते, म्हणून दोन बाटल्या ठेवा, एक चालू असताना दुसरी तयार. एंजलची पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खाऊ शकतात, इन्फ्युसोरियाच्या (पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या) मागे लागायची गरज नाही. मायक्रोवर्मचा (घरी वाढवता येणाऱ्या बारीक अळ्यांचा) डबा बॅकअप म्हणून असू द्या, पण नुसत्या त्याच्यावर वाढवू नका. उकडलेल्या अंड्याचा बलक बरेच जण सुचवतात, पिल्लं तो खातातही, पण टँक संध्याकाळपर्यंत दुधाळ होतो आणि सकाळी निम्मी पिल्लं तळाला असतात. माझ्या मते नकोच.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. खाल्लं की नाही ते कसं कळणार? बाजूने टॉर्च मारून बघा, ज्याने खाल्लं त्याचं पोट नारिंगी आणि गोल दिसतं, अगदी स्पष्ट. सगळी पोटं नारिंगी असतील तर आणखी टाकू नका. सुरुवातीला पाण्याची पातळी 15-20 सेंटीमीटरच ठेवा म्हणजे खाणं पिल्लांच्या आसपास राहतं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, मेलेला तळाला बसतो आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू होतो, म्हणून रोज एअरपंपच्या नळीने तळ ओढून घ्या, पांढऱ्या बादलीत, कारण दोनचार पिल्लं हमखास नळीतून जातात आणि पांढऱ्यावर ती दिसतात. जेवढं काढलं तेवढं त्याच तापमानाचं पाणी नळीने थेंब थेंब सोडा. रोज पाव ते अर्ध पाणी, कंटाळा आला तरी.

पहिल्या आठवड्यात काही पिल्लं तळाशी पोटावर सरपटतात, वर येतच नाहीत. त्यांची हवेची पिशवी भरलेली नसते, ती सुधारत नाहीत. पाण्यावर तेलकट साय येऊ दिली नाही तर असा प्रकार कमी होतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वरचे-खालचे पंख वाढून एंजलचा आकार येतो. तोपर्यंत पावडर फूड द्यायला सुरुवात करा, आधी पावडर आणि मग आर्टेमिया, भूक असताना नवीन खाणं शिकतात. आता गर्दी कमी करायची वेळ. तीनशे पिल्लं आहेत म्हणून तीनशे वाढवायची हौस धरू नका, तेवढ्यांना जागा आणि पाणी कुणाच्याच घरात नसतं आणि गर्दीत वाढलेल्या एंजलचे पंख आखूड राहतात, ते नंतर भरून येत नाहीत. नाण्याएवढी झाली की एका पिल्लामागे निदान 3-4 लिटर धरा, म्हणजे तुमच्याकडे किती ठेवता येतील ते हिशोबाने कळेल. गिलचं म्हणजे कल्ल्यांवरचं झाकण आखूड असलेली, पोटाखालचे लांब पंख वाकलेले किंवा नसलेली वेगळी काढा, ती ब्रीडिंगला नाहीत. व्हेल म्हणजे लांब पंखांची जात हवी असेल तर व्हेलला साध्या पंखाचा जोडीदार द्या, दोन्ही व्हेल असले की काही पिल्लांचे पंख इतके लांब निघतात की पेलवत नाहीत.

इकडे पिल्लांमध्ये गुंतलेले असताना जोडीकडेही लक्ष असू द्या. अंडी काढून घेतली की ती दहा-पंधरा दिवसात परत घालतात, आणि हे चालूच राहिलं तर मादी खंगते. पिल्लांची एक बॅच हातात असताना दुसरी नको असेल तर स्लेट काढा, तापमान 25-26 वर आणा, ब्लडवर्म कमी करा. तरी थांबत नसतील तर मध्ये जाळीचं पार्टिशन घाला, महिनाभर तरी.